अर्धवट पाणचक्की : प्रकल्प नोंदी

१२ मे

जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात एक चपटं पाकीट निघालं. आत कापून-चिकटवून बांधायची कागदाची पाणचक्की, तीही अर्धीच. उरलेली अर्धी अजून तावावर छापलेली.

पाकिटात काय आहे ते आधी लिहून ठेवते. घराच्या चार भिंतींची सलग पट्टी, एका कोपऱ्याचा जोड सुटल्यामुळे दुमडून सपाट झालेली. छप्पर वेगळं पडलेलं. तळ वेगळा: त्यावर निळा ओढा, कडेला हिरवं गवत, आणि चारी बाजूंनी ८ मिमीची झालर खाली दुमडून केलेला ओटा. हे सगळं पहिल्या तावातून कापलेलं, त्या तावाचं बाकी काही उरलेलं नाही. दुसरा ताव ३९ × २९ सेंमी. त्यात पूल, दोन झाडं, खांद्यावर गोणी घेतलेला माणूस, चाकाच्या बारा पात्यांची पट्टी आणि चाकाची एक चकती अजून न कापलेली. दुसऱ्या चकतीच्या जागी नुसती गोल खिडकी. कापलेली चकती पाकिटात नाही. तळाशी कागदाचा चुरा होता, तो डबीत भरून ठेवला. चाचण्या करायला मुळातला कागद लागतो आणि अंगाचा तुकडा तोडायचा नसेल तर असा चुरा सोन्यासारखा.

तावाच्या डोक्यावर फ्रेंच नाव, ‘मूलँ आ ओ’, म्हणजे पाणचक्कीच. खालची, प्रकाशकाचं नाव असणारी पट्टी मात्र कुणीतरी सरळ कापून टाकली आहे.

कामं तीन. आहे ते टिकवायचं. नक्कल काढून ती पूर्ण बांधायची. आणि मूळ तावातलं उरलेलं कापायचं की नाही ते ठरवायचं. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आहे हे मला ठाऊक आहे, पण हात शिवशिवतात हेही खरं.

१५ मे

संध्याकाळभर दहापट भिंग घेऊन बसले. काळी रेघ लिथोग्राफीची, म्हणजे सपाट दगडावरून छापलेली आहे: कडा किंचित दाणेदार, कागदात दाब बसल्याची खूण नाही. लाकडी ठशाची छपाई असती तर पाठीमागे बोट फिरवलं की बहुधा उठाव लागतो. रंग हाताने, छेदछाप्यातून लावलेले. ते ओळखायला भिंगही लागत नाही. भिंतीचा विटकरी रंग खिडकीच्या चौकटीवर एक मिमी चढलाय, छपराचा तांबडा एका कडेला कमी पडून पांढरी फट राहिलीय, आणि ओढ्याच्या निळ्यात गोल फिरवलेल्या ब्रशचे वळसे दिसतात. निळा सगळ्यात जाड लागलाय. पत्र्यातून कापलेला छापा कागदावर ठेवायचा, रुंद ब्रश फिरवायचा, उचलायचा, पुढचा ताव. एका रंगाला एक छापा.

या तऱ्हेच्या कामाचं मोठं गाव म्हणजे फ्रान्समधलं एपिनाल. तिथे १७९६ मध्ये झाँ-शार्ल पेलेरँ यांनी चित्रांचा छापखाना काढला. आधी लाकडी ठसे, पुढे लिथोग्राफी, आणि रंग छेदछाप्याने. कापून-चिकटवून करायच्या इमारतींचे तावही पुढे तिथून ढिगाने निघाले. योगायोग असा की आलोइस झेनेफेल्डर यांनी लिथोग्राफी शोधली तीही १७९६ च्याच सुमारास. जर्मनीत एसलिंगेनच्या श्रायबर या प्रकाशनसंस्थेने (सुरुवात १८३१) असे ताव काढले ते जास्त नेटके, रंगसुद्धा दगडावरूनच छापलेले. माझा ताव त्या नेटक्या घराण्यातला नाही. म्हणून तो एपिनालचाच असं मात्र मी कुठे लिहिणार नाही. पट्टी कापलेली आहे, नाव नाही, विषय संपला. नोंदवहीत ‘फ्रेंच, लिथो, छेदछाप्याचे रंग’ एवढंच.

१६ मे

चुऱ्याच्या कणांवर तीन चाचण्या. मूळ वस्तूवर यातली एकही करू नये, तिन्ही डाग सोडतात.

पहिली, लाकडाच्या लगद्यासाठी. फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल. कण काही क्षणांत गडद गुलाबी. म्हणजे कागदात लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य) भरपूर, लाकूड दळून केलेला लगदा. लाकूड दळून लगदा करायची युक्ती फ्रीड्रिश गॉटलोब केलर यांनी १८४४ च्या सुमारास काढली आणि ती कारखान्यांत रुळायला आणखी काही दशकं गेली. तेव्हा माझी पाणचक्की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आधीची असू शकत नाही.

दुसरी, आम्लतेच्या पेनाची रेघ. पिवळी. कागद आम्लधर्मी. अपेक्षितच होतं. १८०७ मध्ये मोरित्स इलिग यांनी तुरटी आणि राळ वापरून कागदाला शाई न फुटू देणारी खळ देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. स्वस्त, झटपट, आणि कागदाच्या मुळावर उठणारी. तुरटीमुळे कागदात आम्ल राहतं, हवेतला ओलावा मिळाला की ते सेल्युलोजच्या (कागदाचे तंतू ज्याचे बनतात त्या द्रव्याच्या) लांब साखळ्या तोडत बसतं. कागद पिवळा पडणं ही नुसती वरची तक्रार. खरं दुखणं हे की घडीवर तो वाकत नाही, मोडतो.

तिसरी, सुटलेल्या कोपऱ्यावरच्या वाळक्या गोंदाचा कण आणि आयोडीन. काळा-निळा. म्हणजे पिठाची खळ. आणि त्याच कोपऱ्यात कागदाची वरची साल खवल्यांसारखी खरवडलेली: कसर. कसरीला कागदापेक्षा खळ प्रिय. जोड का सुटला याचं उत्तर मिळालं.

२० मे

दुखापतींची यादी, भाग घेऊन. वरवर पाहून केलेली यादी नंतर फसवते म्हणून प्रत्येक भिंतीचा रेखाटनवजा नकाशा काढून त्यावर आकडे टाकले.

पूर्वेची भिंत: सुटलेला कोपरा, कसर. दक्षिणेची भिंत (चाकाची बाजू): आसासाठी छापलेल्या बारीक वर्तुळात एक भोक, स्वच्छ. त्याच्या बरोबर वर ५ मिमीवर दुसरं भोक, वेडंवाकडं, कडेला गंजाचं तपकिरी कडं. ही इजा, बुजवायची. उत्तरेच्या भिंतीची घडी २२ मिमी फाटलेली. छपराच्या कण्यावर चिकटपट्टीचा डाग, पट्टीचा प्लॅस्टिकचा भाग केव्हाच गळून पडलेला. तळ: ओढ्याच्या निळ्यावर भिंतीला समांतर एक बारीक ओरखडा, ११ मिमी, झिजेचा असावा. दुसरा ताव: मधल्या घडीवर दोन भेगा, कडा कुरकुरीत.

चिकटपट्टीवरून एक गोष्ट कळते. पारदर्शक चिकटपट्टी बाजारात आली १९३० मध्ये. म्हणजे छपराची डागडुजी १९३० नंतरची, आणि पिठाची खळ बहुधा त्याआधीची. या घराला निदान दोन वेगवेगळे हात लागलेत.

साफसफाई सुरू केली. मऊ ब्रश, आतून बाहेर. मग काजळी टिपायचा कोरडा रबरी स्पंज, तोही फक्त पाठीमागच्या, रंग नसलेल्या बाजूला. खोडरबर अजिबात नाही.

२ जून

रंगांची पाण्याची चाचणी. कापसाच्या टोकाला नावापुरता ओलावा, टीपकागदावर दाबून घेतलेला, आणि तावाच्या समासात जिथे रंग बाहेर सांडलाय तिथे एक टेकणी. निळा लगेच उतरला. तांबडाही. पिवळा थोडा. काळी रेघ ढिम्म, कारण लिथोची शाई तेलाची.

त्यामुळे धुण्याचा विषय कायमचा बंद. आम्लधर्मी कागदाला चुन्याच्या किंवा मॅग्नेशियमच्या सौम्य अल्कली पाण्यात बुडवून शांत करता येतं, ही चांगली आणि सिद्ध पद्धत आहे, पण इथे तसं केलं तर कागद वाचेल आणि पाणचक्की वाहून जाईल. बिनपाण्याचे फवारेही असतात. तेही मी टाळले. पातळ डिंकातल्या रंगावर पांढुरकी धूळ बसली तर ती काढायला मला येत नाही.

चिकटपट्टीचा उरलेला चिकटा कोमट उलथन्याने मऊ करून क्रेप रबराने गोळा केला. खूप हळू चालतं हे काम, दीड तासात पाच सेंमी. कागदात मुरलेला डाग राहिला. द्रावकाने तो हलला असता कदाचित, पण त्याबरोबर काळी रेघही मऊ पडते का हे बघायची हिंमत माझ्यात नव्हती. डाग राहू दे.

९ जून

खळ शिजवली. गव्हाचा निव्वळ स्टार्च, चिकट प्रथिन काढलेला. एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, आधी तासभर भिजत, मग मंद आचेवर पंचवीस मिनिटं सतत ढवळत. आधी दुधासारखं, मग एकदम घट्ट, मग हळूहळू काचेसारखं अर्धपारदर्शक होतं आणि चमच्याला जड लागतं. गार झाल्यावर बारीक चाळणीतून तीनदा घासून काढली आणि लागेल तेवढं पाणी घालून सायीइतकी पातळ केली. बाजारातला पांढरा गोंद का नाही, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. पांढरा गोंद पकडतो छान, पण वाळला की कागदातून परत निघत नाही. खळीला ओलावा दाखवला की ती सोडते. जुन्या कागदावर माझा हात चुकणारच आहे, तेव्हा चूक परत घेता यावी एवढीच माझी मागणी.

उत्तरेच्या भिंतीची फाट: कोझोच्या तंतूंचा पातळ जपानी कागद, पाण्याच्या रेघेवरून फाडून घेतलेला, कापलेला नाही. फाडल्याने कडेला तंतूंची मऊ झालर सुटते आणि ठिगळाची कड उठून दिसत नाही. आतल्या बाजूने लावला, वर न चिकटणारं पॉलिएस्टरचं कापड, टीपकागद, काच, वजन.

दक्षिणेच्या भिंतीचं ते वेडंवाकडं भोकही बुजवलं. कोझोचा लगदा खळीत कालवून आतून भरला, वर टिश्यूचं चिमुकलं ठिगळ. टिश्यू आधीच विटकरी जलरंगाने रंगवून वाळवला होता, म्हणजे मूळ कागदाला माझा रंग लागत नाही. समोरून बघितलं तर भोक होतं कुठे हे शोधावं लागतं. स्वतःवर बेहद्द खूश.

११ जून

सगळं वाळलं. सपाट.

२३ जून

स्कॅन. माझं यंत्र ए-४ आकाराचं, ताव ३९ सेंमी लांब, म्हणून दोन तुकड्यांत, मध्ये चार सेंमी दोन्हीकडे येतील असं. झाकण काढून टाकलं. बाहेर लोंबणाऱ्या भागाखाली काचेच्या उंचीचा पुठ्ठ्यांचा थर रचला, नाहीतर ताव काचेच्या कडेवर मोडलाच असता. ६०० डीपीआय, रंगाची पट्टी आणि स्टीलची फूटपट्टी प्रत्येक स्कॅनमध्ये. यंत्रातल्या ‘सुधारणा’ सगळ्या बंद: धार वाढवणं, डाग घालवणं, रंग खुलवणं. मूळ जसं आहे तसंच टिपायचं, नंतर काय हवं ते प्रतीवर करता येतं.

भिंतींची पट्टी पूर्ण उलगडली नाही. जुनी घडी उलटी सपाट करणं म्हणजे ती अर्धी तोडणं. आहे तशी दुमडलेली ठेवून एका बाजूच्या दोन भिंती, मग पालथी करून दुसऱ्या दोन. तळ वरून तसाच ठेवला. छपराचे फोटो.

५ जुलै

स्कॅनवर आठवडाभर बसले. फाटलेल्या रेघा जोडल्या, पिवळेपणा अर्ध्यावर आणला. पूर्ण घालवला नाही. छेदछाप्याचा सांडलेला रंग मुद्दाम तसाच ठेवला. ज्या कामात रंग रेघेबाहेर जाणं हीच ओळख, तिथे नक्कल नेटकी केली तर ती नक्कल कशाची राहते?

छापली आणि पहिल्याच प्रतीत भिंत तीन टक्के लहान. ‘पानात बसवा’ ही खूण आपोआप लागलेली होती. १०० मिमीची पट्टी मोजली तर ९७. प्रत्येक पानावर मोजपट्टी छापायची सवय आहे म्हणून लगेच सापडलं. सगळी पानं फेकली, पुन्हा छापली, पुन्हा मोजली. पिगमेंटच्या शाईत, बिनचकाकीच्या १६० ग्रॅम कागदावर. पात्यांच्या पट्टीसाठी १२० ग्रॅम, कारण ती वळवायची आहे.

प्रत्येक भागाच्या पाठीमागे ‘नक्कल’ आणि वर्ष छापलं. पन्नास वर्षांनी कुणी ही पाणचक्की अस्सल म्हणून विकायला काढली तर तो पाप करेल, पण मी त्याला मदत करणार नाही.

१८ जुलै

बांधणीला सुरुवात. छापताना कागदाचा धागा भिंतीच्या उभ्या घडीला समांतर येईल असं बघितलं होतं. धागा कळायला सोपा उपाय: कागद आधी एका दिशेने, मग दुसऱ्या दिशेने हलकेच वाकवायचा, ज्या घडीला कमी विरोध, तिला समांतर धागा. धाग्याच्या आडव्या घडीची कड फाटते आणि पांढरे तंतू वर येतात.

घड्यांवर आधी चरा. शाई संपलेल्या बॉलपेनाने, फूटपट्टीला लावून, दाब एकसारखा. मग कापणी. जुन्या तावांवर तुटक रेघ म्हणजे इकडे दुमडा, तुटक-टिंब म्हणजे तिकडे, असली भाषा नाही. इथे फक्त जोडीची अक्षरं आहेत, ‘ए’ला ‘ए’ चिकटवा, ‘बी’ला ‘बी’. बाकी चित्र बघून ओळखायचं. कापलेल्या प्रत्येक कडेला जलरंगाची बारीक रेघ दिली. पांढरी कड राहिली की घर कागदाचं आहे हे ओरडून सांगतं.

कान (कडेच्या चिकटवायच्या पट्ट्या) चिकटवताना गोंद कानाला लावायचा, भिंतीला नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे चुकतात. छपराच्या कण्याचे कान ३ मिमीचे, चिमट्याशिवाय अशक्य. इंग्लंडमध्ये १९४१ पासून मायक्रोमॉडेल्स नावाची मॉडेल निघायची, पोस्टकार्डाएवढ्या पानांवर आख्खी इमारत. ती बांधणाऱ्यांची नजर आणि सहनशक्ती कुठल्या मातीची होती कोण जाणे.

घर उभं राहिलं. तळाच्या ओट्यावर बसवलं. छान दिसतंय.

२६ जुलै

चाक. दोन चकत्या, व्यास ६२ मिमी, मध्ये बारा पाती, चाकाची रुंदी १२ मिमी. दुसरी चकती तावात शाबूत असल्यामुळे तिचीच दोन प्रतिबिंबं काढली. पाती गुळगुळीत गोल दांडीवर फिरवून किंचित वळवली. आस म्हणून लाकडाची काडी. भिंतीवरच्या छापील वर्तुळात भोक पाडलं, आस घातला, चाक बसवलं.

फिरेना. चाक ओढ्यावर टेकतंय.

पहिला संशय अर्थातच माझ्यावर. छपाई पुन्हा तीन टक्के इकडेतिकडे? मोजलं, १०० ला १००. भिंत बसताना खाली दबली? नाही. मग आकडेच मांडले. आसाचं वर्तुळ तळापासून २८ मिमी. चाकाची त्रिज्या ३१. चाक तीन मिमी जमिनीत जाणार, कितीही नीट बांधलं तरी.

मग नकाशांची वही काढली. ‘दुसरं भोक, वेडंवाकडं, छापील भोकाच्या बरोबर वर ५ मिमीवर, कडेला गंज.’ २८ आणि ५, ३३. त्रिज्या ३१. चाक दोन मिमी मोकळं.

ती इजा नव्हती. कुणीतरी माझ्याआधी याच जागी अडकलं होतं, चकती कापून टाचणीवर लावली होती, ती ओढ्यावर घासताना बघितली होती, आणि पाच मिमी वर नवं भोक पाडलं होतं. तळावरचा ११ मिमीचा ओरखडा, जो मी ‘झीज’ म्हणून लिहिला, तो चकतीच्या कडेचा. दुसऱ्या भोकाचा गंज टाचणीचा: ती तिथे बराच काळ राहिली असणार. पहिल्या भोकाला गंज नाही, तिथून ती लगेच काढली गेली.

आणि ते भोक मी बुजवलंय. सुंदर बुजवलंय.

२८ जुलै

रात्री एक गोष्ट डोक्यातून जाईना. तावाचं आरेखन करणारा एवढा चुकेल? दारं-खिडक्या, कान, सगळं अर्ध्या मिमीपर्यंत जुळतंय, आणि चाकच तीन मिमी चुकतं?

तळाचा स्कॅन उघडला आणि रंगाचे चॅनल, म्हणजे लाल, हिरवा, निळा असे थर, वेगळे करून पाहिले. ब्लू चॅनलमध्ये निळा रंग फिका होतो, काळं काळंच राहतं. ओढा जवळजवळ पांढरा झाला आणि त्यात चाकाच्या जागी केसासारखी रेघ वर आली. आयत, ३० × १४ मिमी. मध्ये एक अक्षर, ‘ओ’सारखं, अर्धवट.

खाच आहे ती. ओट्यात कापायची. म्हणूनच ओटा ८ मिमी उंच ठेवलाय, चाकाला खाली उतरायला जागा हवी. हिशोब करून पाहिला: ३१ त्रिज्येचं चाक २८ वर बसवलं तर जमिनीच्या पातळीवर त्याची रुंदी साधारण २६.६ मिमी भरते. खाच ३०. दोन्ही टोकांना पावणेदोन मिमीची मोकळीक. आडवी १४, चाक १२. आरेखन करणाऱ्याने चोख काम केलं होतं.

मग त्याच्या तावावर ओढा रंगवायला छेदछापा ठेवला गेला, ब्रश जरा जाड निळ्यात बुडला, आणि बारीक रेघ त्याखाली गेली. निदान या तावावर. दिव्याला तिरपा धरून मूळ तळ पुन्हा पाहिला. रेघ आहे हे माहीत असूनही दिसायला दहा मिनिटं लागली. पाकिटातल्या त्या हातांना ती दिसण्याची शक्यताच नव्हती, आणि त्यांनी त्यावर काढलेला उपाय बरोबर होता.

ते हात लहान मुलाचे की चिकटपट्टीवाल्या मोठ्या माणसाचे, हे भोकावरून सांगता येत नाही.

१ ऑगस्ट

भोक परत उघडलं.

मिथाइल सेल्युलोजचा घट्ट जेल, पाणी धरून ठेवणारा, म्हणजे ओलावा भिंतीत पसरत नाही. आतल्या बाजूने फक्त ठिगळावर, मोहरीएवढा. वर पॉलिएस्टरचा तुकडा, चार मिनिटं. जेल टिपून घेतला, चिमट्याने ठिगळाचं टोक उचललं, ते अख्खं निघून आलं. भोकातला लगदा मात्र दोनदा जेल लावल्यावर सुईच्या टोकाने कणाकणाने. समोरच्या विटकरी रंगाला ओल पोचली नाही, हे पाठीमागे टीपकागद धरून दर मिनिटाला बघत होते. एका बाजूला कडं जरा रुंद झाल्यासारखं वाटलं. ९ जूनच्या आधीच्या फोटोशी ताडून पाहिलं: नाही, तेवढंच आहे. पिठाच्या खळीचे उपकार.

गंजाचं काय करायचं हा वेगळा प्रश्न. लोखंड कागदात राहिलं की त्याच्या आसपास सेल्युलोजचं ऑक्सिडेशन जोर धरतं, कडं पुढे ठिसूळ होऊन गळू शकतं. रसायनाने लोखंड बांधून धुऊन काढतात, पण धुणं आपल्या पत्रिकेत नाही. कोरडं ठेवणं एवढाच उपाय. आतून, कड्याच्या बाहेर, भोकाला न शिवता टिश्यूची एक पातळ चकती लावली. मध्ये तेवढीच खिडकी ठेवून.

२० मेच्या यादीत ‘इजा, बुजवायची’ ही ओळ खोडली नाही. शेजारी तारीख घालून दुरुस्ती लिहिली. ‘झीज’ शेजारीही.

९ ऑगस्ट

नकलेत खाच कापली. चाक २८ वर बसलं आणि फिरलं.

मग भिंतीची आणखी एक प्रत छापून दुसरं घर बांधलं, ओट्याला खाच नाही, आस ३३ वर. दोन्ही शेजारी ठेवून फुंकर मारली. दुसऱ्याचं चाक जास्त मोकळं फिरतं. पहिल्याचं खाचेच्या कडेला मधूनच घासतं, कारण मी ती किंचित तिरकी कापलीय.

१७ ऑगस्ट

पेटी. लिग्निन नसलेला पुठ्ठा, आम्ल शोषून घ्यायला कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेला. गोंदाशिवाय, नुसत्या खाचांनी जोडलेली. घर पुन्हा उभं करून कोपरा खळीने जोडायचा विचार होता, तो सोडला. जुन्या घड्या अजून एकदा वळवायला नकोत. भिंतींची पट्टी अर्धवट दुमडलेल्या स्थितीत, घडीच्या आत टिश्यूची मऊ वळकटी, म्हणजे घडीवर धार येत नाही. तळ आणि छपरासाठी पॉलिएथिलीन फोममध्ये त्यांच्या आकाराचे खळगे, आतून टिश्यू.

ताव पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवायचा मोह झाला, दिसायला फार देखणं. पण त्या प्लॅस्टिकला स्थिर वीज धरते आणि डिंकातले सुटे रंगकण ते ओढून घेतं. म्हणून बिनआम्लाच्या कागदाची घडी, वरून पुठ्ठा. तावातला पूल, झाडं, गोणीवाला आणि चकती, सगळं तावातच राहणार. हात आता शिवशिवत नाहीत, दोन पाणचक्क्या कपाटावर फिरताहेत.

आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवायची, कोपऱ्यात लहानसा मापक. कसरीसाठी चिकट सापळा पेटीच्या बाहेर, आत नाही. बाहेर काढून मांडायची वेळ आली तर ५० लक्सच्या वर प्रकाश नको, तोही थोडे दिवस.

पेटीत तीन कागद: दुखापतींची यादी दुरुस्त्यांसकट, ब्लू चॅनलचा छापील स्कॅन, आणि पहिल्या पानावर, पेटी उघडली की आधी दिसेल असा, एकच मजकूर पेन्सिलीत: ‘दक्षिणेच्या भिंतीत आसाची दोन भोकं आहेत. वरचं मुद्दाम पाडलेलं आहे. बुजवू नये.’